तिसरं कडवं

थोरलीचं तोंड फटकळ, आणि दुकानाला त्याचा फायदाच झाला. एखादं गिऱ्हाईक नवा चष्मा लावून आरशासमोर माना वळवत बसलं, ही नको ती दाखवा असं सुरू झालं, की आतल्या खोलीतून तिचा आवाज यायचा, "अहो, चष्मा आपण दिसावं म्हणून नसतो, आपल्याला दिसावं म्हणून असतो!" माणूस ओशाळून हसायचा आणि हातात असेल ती फ्रेम घेऊन जायचा.

मी पुढे काउंटरवर, ती आत चाकावर. काचेच्या कडा फ्रेमच्या मापात घासायचं ते चाक. त्यावर पाण्याची बारीक धार, खाली पांढऱ्या भुकटीचा चिखल, आणि चाकासमोर कोपरापर्यंत रबरी बाह्या चढवलेली थोरली. आम्ही दोघी एकाच वर्षी कामाला लागलो, पण तिनं मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए काउंटर" म्हणायची. तिचंही नाव दुकानात कुणी घेत नसे. पहिल्याच आठवड्यात तिची बहीण विसरलेला डबा द्यायला आली होती. दोघींचे चेहरे इतके सारखे, की जुन्या मालकांनी गोंधळून विचारलं, "यातली आपली कुठली?" ती म्हणाली, "थोरली." तेच नाव चिकटलं, आणि बहीण झाली धाकटी.

त्याच सुमारास ते गाणं आलं होतं. सिनेमातलं नव्हतं. एका हसऱ्या आवाजाच्या गायकाच्या कॅसेटमधलं होतं आणि बघता बघता गल्लोगल्ली झालं. न्हाव्याकडे तेच, पिठाच्या गिरणीत तेच, इस्त्रीवाला इस्त्री फिरवायचा तीसुद्धा त्याच ठेक्यावर. गाण्यातला पोरगा बसमध्ये खिडकीपाशी पिशवी ठेवून आपल्या मैत्रिणीसाठी जागा धरतो. पहिल्या कडव्यात म्हणतो, जागा धरलीय, ये ना, आणि ओळींच्या मध्ये मध्ये शिट्टी मारतो. दुसऱ्यात बस भरत जाते, लोक त्याला बोलतात, म्हातारे डोळे वटारतात, कंडक्टर पिशवीचं तिकीट मागतो, तरी हा पिशवी उचलत नाही. तिसऱ्या कडव्यात ती धावत येते, शेजारी बसते, आणि मग नुसत्या टाळ्या आणि शिट्ट्या. पोरंसोरं त्यावर नाचायची. त्यातल्या शब्दांकडे लक्ष द्यावं असं कुणाला वाटलं नसेल. मलाही नाही वाटलं.

आमच्या दुकानापासून जवळच एका तरुणाचं कॅसेटचं दुकान होतं. लोक आवडीची गाणी सांगायचे, तो ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. कुरळे केस, झुळझुळीत शर्ट, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, हा आपलीच वाट बघत होता. एक दिवस तो दांडी मोडलेला चष्मा घेऊन आला. थोरली कशाला तरी पुढे आली होती. तिनं चष्मा हातात घेऊन बघितला.

"यावर बसलात?"

"नाही, झोपलो."

"मग स्वप्नं तरी नीट दिसली का?"

एवढ्यावर त्या दोघांचं जुळलं. चष्मा दुरुस्त झाला आणि चार दिवसांनी त्यानं तिला एक कॅसेट आणून दिली. दोन्ही बाजूंना तेच एक गाणं, पुन्हा पुन्हा भरलेलं. "अख्खी कॅसेट फुकट घालवलीत," असं ती म्हणाली खरी, पण हसताना तिची दाढ दिसली. तोवर मी तिला इतकं तोंड उघडून हसताना पाहिलं नव्हतं.

दोघं एकाच बसनं घरी जायचे. मीही त्याच बसनं. थोरली आधी निघायची, धक्के खात चढायची आणि शेजारच्या जागेवर डब्याची पिशवी ठेवायची. कॅसेटवाला कायम उशिरा. शटर ओढता ओढता कुणाशी तरी गप्पा, मग धावत येऊन दांड्याला लोंबकळणार. तोवर सगळी बस तिला बोलून घ्यायची. मी तिच्या समोर उभी असायचे, पण मला काही ती जागा मिळायची नाही. "काउंटर, तुझे पाय मजबूत आहेत, तू राहा उभी," म्हणायची. तो आला की मागची पोरं त्या गाण्यातली शिट्टी मारायची. ती लाल व्हायची, तो मात्र वळून पोरांना सलाम ठोकायचा.

दोन्ही घरी कळलं. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा कुणी नाही म्हटलं नाही. आता दिवस ठरवायचा, एवढंच उरलं होतं. आणि थोरलीच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेल्यातच जमा. आई आधीच वारलेली. थोरलीनं त्याला सांगितलं, "जरा थांबू या. बाबा उठते-बसते झाले की बघू."

"थांबू की," तो म्हणाला. "पळून कुठे चाललोय मी?"

आणि खरंच पळाला नाही. उलट रोज त्यांच्या घरी जाऊ लागला. दुपारी त्याचं दुकान बंद असे. म्हाताऱ्याला उचलून खुर्चीत बसवायला पुरुषाचा हात लागतो, म्हणून जायचा. त्या वेळी थोरली इथे चाकावर. घरी धाकटी.

पुढचं कुणीही ओळखेल. पण थोरलीला ते कळलं कसं, ते सांगायला हवं. तिची आत्या दुकानात आली. काउंटरवर माझ्यासमोर उभी राहिली आणि आत बघून म्हणाली, "थोरले, बाहेर ये जरा." ती बाह्या न काढताच बाहेर आली, हातात अर्धी घासलेली काच. आत्यानं आवाज खाली आणला, पण मला ऐकू येत होतंच.

"धाकटीचं आणि त्याचं जमलंय. तू शहाणी आहेस. आता बोभाटा नको."

थोरली वळली. आत गेली, चाक सुरू केलं, ती काच पुरी केली, दुसरी घेतली, तीही पुरी केली. संध्याकाळी घरी जाऊन तिनं वडिलांना विचारलं. म्हाताऱ्याच्या तोंडात तेव्हा मोजके शब्द उरले होते. त्यानं धाकटीकडे बघितलं, मग थोरलीकडे, आणि वाकडं तोंड कसंबसं जुळवून म्हणाला, "दे."

हे तिनं मला बऱ्याच काळानं सांगितलं. "लहानपणापासून तेच ऐकलं होतं गं. बाहुली दे, गोधडी दे, खिडकीची जागा दे, ती लहान आहे. सगळे शब्द गेले, हा एवढा राहिला म्हाताऱ्याकडे."

"आणि तू दिलंस?"

"माझ्या हातात काय होतं द्यायला? तो तर कधीच गेला होता. मी नुसती मान हलवली."

लग्न झालं. थोरली हजर होती, पाहुण्यांची ऊठबस तिनंच केली. मी तिच्या बाजूनं चिडून म्हणाले, "कानामागून आली आणि तिखट झाली." तर मलाच म्हणाली, "उगीच म्हणी फेकू नकोस. तिखट काय तिला लागतंय? लागतंय ते मला."

तिला सगळ्यात जास्त लागलं ते गाण्याचं. त्या गाण्यानं नवरदेवाबरोबर सरळ घर बदललं. कॅसेटवाला हौशी माणूस. चार लोक जमले की तेच गाणं लावायचा, धाकटीचा हात धरून नाचायचा आणि सांगायचा, "हे आमचं गाणं." पाहुणे टाळ्या वाजवायचे. ज्यांना खरं माहीत होतं तेही वाजवायचे. विसरणं सगळ्यांच्या सोयीचं होतं, आणि आठवण करून द्यायची तर थोरलीलाच लाज वाटायची. काही वर्षांनी ते गाणं थोरलीचं होतं हे सांगितलं असतं, तर लोकांना ती मत्सरानं बोलतेय असंच वाटलं असतं.

वडील पुष्कळ जगले. त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं तिच्याकडेच राहिलं. लग्न तिनं केलं नाही. दोन-तीन स्थळं आली. एकाला तिनं तोंडावर विचारलं, "माझ्या बापाला उचलता येईल का तुम्हाला?" तो परत आला नाही.

धाकटीला मुलगी झाली. जन्मली तीच किंचाळत, म्हणून तिचं नाव पडलं पिपाणी. आईबाप दोघं कॅसेटच्या दुकानात, म्हणून पिपाणी मावशीकडे. कधी घरी, कधी इथे आतल्या खोलीत, स्टुलावर. थोरली काम करताना गुणगुणायची, आणि गुणगुणायची ते नेमकं तेच गाणं. पण त्याची चाल पार बदललेली. काच चाकावर दाबायची ती हळू, नाहीतर तडकते. हाताला जी गती, तीच गळ्याला. शिट्टीची जागा आली की ती गप्प व्हायची. नुसतं चाक ऐकू यायचं. मग पुढची ओळ. आणि म्हणायची ती दोनच कडवी. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तिसरं मला येत नाही."

पिपाणी मोठी झाली, गाऊ लागली. गळा चांगला होता, पण गाण्यावर पोट भरेल असं कुणालाच वाटत नव्हतं. एका हॉटेलात संध्याकाळी जेवणाऱ्यांसमोर गायची. कॅसेटी केव्हाच बंद पडल्या होत्या. तिचा बाप त्याच दुकानात मोबाइलची कव्हरं विकत बसला होता. मग तिचं एका मुलाशी जुळलेलं मोडलं. दुपारची दुकानात आली, आत स्टुलावर बसली आणि रडली. "मावशी, तुला नाही कळायचं," म्हणाली.

थोरलीनं चाक थांबवलं नाही. काचेवरची नजरही काढली नाही. बातम्या वाचाव्यात तसं तिनं सगळं सांगितलं. बस, पिशवी, झटका, दुपार, आत्या, "दे." मी दारात उभी होते. पोरीचं रडणं थांबलं. तिनं एवढंच विचारलं, "म्हणून तू ते गाणं तसं म्हणतेस?"

"कसं?"

"हळू."

"काम हळू असतं," थोरली म्हणाली.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी एक गिऱ्हाईक बाई चष्म्याची वाट बघत काउंटरसमोर बसली होती. तिनं मोबाइलवर काहीतरी लावलं. आधी नुसतं गिटार, एकेक तार सुटी. मग एक मुलगी गाऊ लागली. पहिली ओळ पुरी होईपर्यंत मला गाणं ओळखू आलं नाही. आणि मग आतलं चाक थांबलं.

थोरली बाहेर आली. बाह्यांवरून पाणी लादीवर ठिबकत होतं. ती बाईच्या मागे जाऊन उभी राहिली. आवाज पिपाणीचा होता.

इतकी वर्षं ऐकलेलं गाणं, पण त्यात काय सांगितलंय ते मला त्या दिवशी कळलं. जागा धरलीय, ये ना. त्या हसऱ्या गायकाच्या तोंडी त्यात नुसती ऐट होती. ती तर येणारच, हे त्याला माहीत होतं. ही मुलगी म्हणत होती तेव्हा कुणी येणार नव्हतं, आणि तेही तिला माहीत होतं. दुसऱ्या कडव्यात कंडक्टर पिशवीचं तिकीट मागतो, तिथे आम्ही सगळे पूर्वी हसायचो. पिपाणीनं ती ओळ इतकी खाली आणली, की जणू रिकाम्या जागेबद्दल जाब द्यायचा होता आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं. शिट्टीच्या जागी तिनं काही घातलं नव्हतं, फक्त श्वास घेतलेला ऐकू येत होता. पुढची ओळ येते की नाही असं वाटेपर्यंत ती थांबायची. आणि दुसऱ्या कडव्यावर गाणं संपलं. तिसरं नाहीच. ती धावत येत नाही, बसत नाही, टाळ्या नाहीत. गिटारची एक तार वाजून विझली.

गिऱ्हाईक बाई डोळे पुसत म्हणाली, "काय म्हटलंय हो पोरीनं! मूळ गाणं किती उथळ होतं."

"उथळ नव्हतं," थोरली म्हणाली. "घाईत होतं." आणि मग मला, "काउंटर, बघ तरी, दम कुठे घेते ते. बरोबर जागी घेते." तिच्या चेहऱ्यावर मी अभिमान पाहिला. खोटं कशाला सांगू, पाहिला. ती बाई गेल्यावर थोरलीनं माझ्या मोबाइलवर ते पुन्हा लावायला लावलं, आणि पुन्हा. "माझ्या गळ्यात ते असं कधीच आलं नव्हतं," म्हणाली. "मला नुसतं दुखायचं. कार्टीनं त्याचं गाणं केलं."

गाणं पसरत गेलं. ज्यांच्या जन्माआधीचं ते गाणं, ती पोरंही ते लावून बसू लागली. आणि मग टीव्हीवाल्यांनी पिपाणीला बोलावलं. आताच्या मालकांनी, म्हणजे जुन्या मालकांच्या मुलानं, दुकानातला टीव्ही मुद्दाम मोठा केला आणि थोरलीला सगळ्यात पुढे खुर्ची दिली. पडद्यावर पिपाणी, तिच्या एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला कॅसेटवाला. केस पांढरे, पण कुरळे तसेच, शर्टही झुळझुळीत.

मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "हे गाणं तुम्हाला इतक्या आतून कसं सुचलं?"

पिपाणी गोड हसली. "हे माझ्या आईबाबांचं गाणं आहे. बाबा रोज आईसाठी बसमध्ये जागा धरायचे. लोक बोलायचे, तरी ते पिशवी उचलायचे नाहीत. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले."

कॅसेटवाल्यानं चष्मा काढून डोळे पुसले. धाकटी मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मालक वळून म्हणाले, "वा! तुमची भाची, तुमची बहीण! आहात कुठे!" दुकानातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनं खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली, आत गेली आणि चाक सुरू केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात पिपाणी स्वतः आली, मोठ्या सभागृहातल्या कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन. आत स्टुलावर बसली. मी या वेळी दारात उभी राहिले नाही, आतच गेले. थोरलीनं हात पुसले आणि विचारलं, "जागा कोण धरायचं गं, पिपाणे?"

पोरगी समजली. "मावशी, मग काय सांगायला हवं होतं मी? बाबा शेजारी बसलेत, आई शेजारी बसलीय, आणि मी सांगू की…"

"काहीच न सांगता भागलं नसतं?"

"ते विचारतातच. लोकांना गाण्यामागे गोष्ट लागते. आणि छान गोष्ट लागते." मग ती जरा वैतागली. "आणि गायले तर तुझंच ना? तुझं दुःख माझ्या तोंडून सगळ्यांपर्यंत गेलं. नाव कुणाचं लागलं, त्यानं काय फरक पडतो?"

"नाव नकोच आहे मला," थोरली म्हणाली. "तुझ्या बापानं माझ्याऐवजी तुझ्या आईशी लग्न केलं, तेही जाऊ दे. ते माझं पचवून झालंय. पण बसमध्ये धक्के मी खाल्ले. पिशवी माझी. बोलणी मी ऐकली. तुझा बाप रोज उशिरा यायचा आणि आयता बसायचा. खोटं बोलायचं तर बोल, पण ज्याचे कष्ट त्याच्या नावावर तरी ठेव. तेही त्यालाच देऊन टाकलंस?"

पिपाणी उठली. "तू कडू झालीस, मावशी."

"झाले," थोरली म्हणाली. "गोड गोष्ट तू सांगतेयस ना. घरात एक तरी कडू नको का?"

मला वाटलं, आता ही काही कार्यक्रमाला जायची नाही. पण त्या संध्याकाळी ती इस्त्रीचे कपडे घालून माझ्या दारात उभी. "चल," म्हणाली. "गाणं चांगलं आहे. चांगल्या गाण्यावर रुसून कुणाचं नुकसान?"

आम्ही बाजूच्या रांगेत बसलो. पिपाणीनं ते शेवटी गायलं. मोबाइलवर ऐकलं होतं त्याहून सरस. सगळं सभागृह श्वास धरून बसलेलं. थोरलीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटची तार विझली, आणि अजून टाळ्याही सुरू झाल्या नव्हत्या, तोच पहिल्या रांगेतून कॅसेटवाला उठला.

"अगं, तिसरं कडवं राहिलं की!" तो मोठ्यानं म्हणाला आणि हसत थेट स्टेजवर चढला. लोकांना वाटलं, हे ठरवूनच चाललंय. त्यानं माइक हातात घेतला आणि जुन्या चालीत, जुन्या ठेक्यात तिसरं कडवं सुरू केलं. ती धावत आली, शेजारी बसली. त्यानं तोंडानं शिट्टीसुद्धा मारली. लोक खूश झाले. बघता बघता सगळं सभागृह टाळ्यांचा ठेका धरून गाऊ लागलं. त्या मघाच्या गाण्याचा मागमूस उरला नाही. पिपाणी क्षणभर बापाकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता थांबवील. पण ती हसली, गिटारवाल्याला खूण केली आणि बापाच्या सुरात सूर मिसळला. मग तिनं हात पुढे करून आईला वर बोलावलं.

धाकटी चढली. नवऱ्यानं तिचा हात धरून तिला गिरकी घ्यायला लावली. गिरकी संपली तेव्हा तिचं तोंड आमच्या बाजूला होतं. तिला थोरली दिसली. धाकटीचे ओठ थांबले. ती तशीच हात वर धरलेली, टाळ्यांमध्ये उभी राहिली.

थोरली उठली आणि बाहेर आली. मी मागोमाग. बाहेरच्या मोकळ्या जागेत दिवे लख्ख होते, माणूस कुणी नव्हतं. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. ती एका खांबाला टेकली. "बापानं गाणं मारलं ते मारलं," म्हणाली, "पोरीनं मारू दिलं. तिच्या हातात होतं गं."

तेवढ्यात दार ढकलून धाकटी आली. धापा टाकत होती. म्हातारी दिसत होती, आमच्यासारखीच. मी बाजूला होऊ लागले तर थोरलीनं माझं मनगट धरलं.

"ताई," धाकटी म्हणाली, "ते तुझं आहे, मला माहीत आहे."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. तू घरी ती कॅसेट लावायचीस तेव्हापासून."

"आणि इतकी वर्षं नाचलीस त्यावर."

"मग काय करणार होते? ते लावायचे, मी नाचायचे." धाकटीनं डोळे पुसले नाहीत, नुसतं बघत राहिली. "त्यांनी मला दुसरं गाणंच दिलं नाही, ताई. एकही नाही. तुझंच वापरत आले. आणि जागाबिगा कुणी धरली नाही माझ्यासाठी. टीव्हीवर पोरीनं सांगितलं तेव्हा ऐकलं मी, की माझा नवरा इतका चांगला होता."

थोरली ऐकून घेत होती. तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. मला वाटलं, आता ती बहिणीला जवळ घेईल. मी असते तर घेतलं असतं.

"मग सांगायचंस पोरीला," ती म्हणाली.

"काय सांगू? आता तेवढंच आहे माझ्याकडे."

"ते पण माझंच," थोरली म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. पिपाणीचं बरं चाललंय. कार्यक्रमात ती आता ते गाणं आधी हळू म्हणते आणि मग बापाला स्टेजवर बोलावून जोरात. लोकांना दोन्ही आवडतं. पोस्टरवर बापलेकीचा फोटो असतो. दुकानात नवीन मशीन आलंय, काच आत घातली की आपोआप घासून निघते. थोरली ते मशीन सांभाळते. त्या खोलीत आता तिचा गुणगुणण्याचा आवाज येत नाही. मालक मशीनला दोष देतात. म्हणतात, फार आवाज करतं.

धाकटीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ती नव्या चष्म्यासाठी आमच्याकडे आली. दुसरीकडे जाता आलं असतं. थोरली दारापर्यंत आली, बघितलं आणि मला म्हणाली, "काउंटर, माप तू घे." पण काचा तिनंच केल्या, नेहमीसारख्या चोख. तयार झाल्यावर मी धाकटीला चष्मा लावून बघायला दिला. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि मग आतल्या दाराकडे.

"ताई, किती थकलीस गं तू."

"आता दिसलं का?" थोरली म्हणाली. मग पुढे येऊन तिनं बहिणीच्या कानामागे बोट घालून दांडी हलवून पाहिली. "सैल आहे. घट्ट करून ठेवते. उद्या ये."

धाकटी दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच आली. बरोबर डबाही आणला होता, दोघींपुरता. थोरलीनं त्या दिवशी रजा टाकली होती. चष्मा मीच दिला.